बॉनेटवरील बियांविषयी खुलासा

जळगाव,
सोमवार, दि. २ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. पानबाईस सुरेशचंदचा सप्रेम जय जिनेंद्र.

येथे सर्व मंडळी सुखरूप आहेत. तुझा गुडघा आता कसा आहे (उजवा की डावा, हे मी विचारीत नाही, हितेंद्र एकदा उजवा म्हणतो, एकदा डावा, तेव्हा त्याच्या साक्षीवर मी कोणताच गुडघा निश्चित धरलेला नाही), आणि जावईबापूंचा खोकला थंडीबरोबर गेला की अजून मुक्कामाला आहे, ते सविस्तर कळवावे. घरात फोन असताना पत्र कशासाठी, असे तू म्हणशील. फोनवर तू मला तिसरे वाक्य पूर्ण करू देत नाहीस, आणि हा विषय तीन वाक्यांत संपणारा नाही. शिवाय व्यापारी मंडळाचा चिटणीस या नात्याने मी हयातभर सभांची इतिवृत्ते लिहिली. सदोष इतिवृत्त कायम होत असताना गप्प बसणे माझ्या प्रकृतीला मानवत नाही.

तुझे चिरंजीव हितेंद्र गेल्या आठवड्यात येथे येऊन जेमतेम दोन तास थांबले. त्यांतील दीड तास जेवणात गेला. उरलेल्या अर्ध्या तासाच्या बळावर त्यांनी धुळ्यास परतून रिद्धीच्या मोटारीचा जो वृत्तांत तुला ऐकविला, तो तू परवा फोनवरून आम्हांस ऐकविलास. मी आणि माझा मित्र जीवराम यांनी म्हणे गाडीत वांगी भाजली, त्यामुळे गाडीवर जांभळे डाग पडले, आणि मी म्हणे तेथेच उभ्याने भरीत खाल्ले. वस्तुस्थिती अशी की, वांगी गाडीत नव्हे, भट्टीत भाजली गेली. गाडी त्या वेळी आपल्या बंद पडलेल्या डाळ मिलच्या गोदामात उभी होती. भट्टीत होते ते केवळ तिचे बॉनेट. भरताची वांगी जांभळी नसतात. बामणोदची वांगी हिरवी असतात, आणि खानदेशात जन्मलेल्या माणसाने ही चूक करावी याचे मला फार वाईट वाटले. (बहुबीज म्हणून वांगे आपल्या घरात कधीच येत नाही, मग पोराला त्याचा रंग कसा ठाऊक असणार, असे तू म्हणशील. मलाही तो घरातून ठाऊक झालेला नाही. परंतु बाजारातून जाताना डोळे मिटून घ्यावेत, असा नियम मी घेतलेला नाही.) राहिले भरीत. ते मी खाल्ले नाही, कोणीच खाल्ले नाही. ते खाण्याच्या अवस्थेत उरलेच नव्हते.

आता मुळापासून सांगतो, कारण हितेंद्रच्या वृत्तांतात मूळच नाही. आपली नात रिद्धी चार वर्षे तुझ्या घरी राहून इंजिनिअर झाली. त्या चार वर्षांत तिने तुझे मिक्सर, शिलाई मशीन आणि जावईबापूंचे दाढीचे यंत्र खोलून पुन्हा जोडले, व तू तिला एकदाही रागावली नाहीस. म्हणून आज आमच्या गोदामात जी मोटार उभी आहे, तिची निम्मी जबाबदारी तुझी आहे, हे प्रारंभीच नमूद करतो. नोकरी लागल्यावर तिने कोइमतूरहून सांगाडा आणि इंजिन यांचा संच मागविला, आणि वरचे अंग, म्हणजे दारे, मडगार्ड, बॉनेट इत्यादी, ॲल्युमिनियमचे पत्रे कापून, वाकवून स्वतः घडविले. अशी घरी जुळविलेली गाडी रस्त्यावर नेता येत नाही. ती मिलच्या आवारातच फिरणार. नेमके हेच कारण काढून मागच्या उन्हाळ्यात मननने (बापच तो, त्याला काळजी असणारच) मुलीला बजावले की, जी गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, ती मोडीत काढावी आणि सुट्टीच्या दिवशी दुकानात लक्ष घालावे. तू तेव्हा आखाजीच्या सणासाठी माहेरी आली होतीस. झोक्यावर बसून तू सगळे ऐकलेस, आणि सकाळी जैन स्थानकात जाऊन साध्वी महासतीजींकडून नियम घेऊन आलीस की, रिद्धीच्या गाडीत बसेपर्यंत चहाचा त्याग.

मनन जो गप्प झाला तो कालपर्यंत गप्प होता. जी बाई सकाळचा पहिला चहा झाल्याशिवाय स्वतःच्या सुनेलाही ओळख देत नाही, तिने चहा सोडला! त्यानंतर गाडी मोडीत काढणे याचा अर्थ तुझा चहा कायमचा तोडणे असा झाला, आणि ते पाप माथी घ्यायला घरात कोणी तयार होईना. मंडळात असताना मी पुष्कळ ठराव अडविले, पुष्कळ रेटूनही नेले. परंतु विरोधी बाजूला इतक्या थोड्या शब्दांत निरुत्तर केल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

अशा रीतीने सांगाडा चालू लागला, पत्रे तयार झाले, आणि रंगाचा प्रश्न आला. रिद्धीने पावडर कोटिंग करायचे ठरविले. (यास मी ‘भुकटीलेपन’ असा शब्द सुचविला होता. रिद्धी म्हणाली, “दादाजी, हे तोंडाला लावायचं काहीतरी वाटतं.” शब्द मागे घेतला आहे.) यात ओला रंग नसतो. पत्रा आधी औषधी पाण्याच्या हौदांतून धुऊन काढतात, वाळवितात आणि आकड्याला टांगतात. मग विजेच्या बंदुकीतून रंगाची कोरडी भुकटी त्यावर सोडतात; ती पत्र्याला आपोआप चिकटते. नंतर पत्रा कपाटासारख्या मोठ्या भट्टीत ठेवला की, भुकटी वितळून सायीसारखी सर्वत्र पसरते आणि घट्ट होते. रंगही आम्ही सायीचाच निवडला होता. हे काम औद्योगिक वसाहतीतील अभिमन याच्याकडे दिले. हा अमळनेरकडचा गृहस्थ, स्वभावाने मोकळा, एरवी कूलरचे पत्रे आणि लोखंडी कपाटे रंगवितो. रिद्धीला त्या दिवशी कारखान्यातून सुट्टी मिळेना, म्हणून तिचा प्रतिनिधी या नात्याने मी गेलो. जाण्यापूर्वी प्रत्येक पत्र्याच्या मागे त्याचे नाव मी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले होते: ‘पुढील डावे मडगार्ड’, ‘मागील उजवे मडगार्ड’, इत्यादी. अभिमन ते वाचून म्हणाला, “आबा, अक्षर झकास शे!” आणि त्याने सगळे पत्रे पहिल्या हौदात सोडले. याचा परिणाम पुढे येईल.

जीवरामला तू ओळखतेसच. त्याचे मूळ गाव बामणोद, आणि थंडी पडली की त्याला माणसे जमवून भरीत खाऊ घातल्याशिवाय चैन पडत नाही. गाडीला रंग लागणार, म्हणजे कारागिरांचे तोंड गोड नाही तर निदान तिखट तरी व्हावे, या सद्हेतूने तो पाटीभर वांगी आणि कपाशीच्या पऱ्हाट्या रिक्षात घालून घेऊन आला. दारासमोर त्याने पऱ्हाट्या रचताच अभिमन धावत बाहेर आला. “आबा, आठे जाळ नका करू, राख उडस!” ताज्या भुकटीवर राख बसली तर सगळा माल वाया जातो, हे त्याचे म्हणणे रास्त होते. जीवरामचा चेहरा इतका उतरला की, अभिमनलाच दया आली. तो म्हणाला, “भट्टी तापेल शे. बॉनेट निंघू द्या, मंग वांगी तठेच भाजूत.” आधी बॉनेट निघेल आणि नंतर वांगी जातील, असा स्पष्ट क्रम त्याने घालून दिला होता. तो मी स्वतः ऐकला आहे, आणि आवश्यक तर लिहून देण्यास तयार आहे.

येथपर्यंत कोणाचीही चूक नाही. चूक झाली ती अशी. वांगे भाजण्यापूर्वी त्याला टोचे मारावे लागतात, नाहीतर आत वाफ कोंडून ते फुटते. ही गोष्ट बामणोदच्या पाळण्यातल्या मुलालाही ठाऊक असते म्हणे. जीवरामने सुरी माझ्या हाती दिली, “शेठ, एवढे टोचून ठेवा,” असे सांगितले, आणि तो मिरच्या-लसूण आणण्यासाठी कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. काय टोचायचे ते त्याने सांगितले. कोणाला सांगतो आहोत याचा त्याने विचार केला नाही. पानबाई, मी जन्मात वांग्याला बोट लावलेले नाही, आणि तो माणूस मला बियांनी गच्च भरलेल्या त्या पाटीसमोर सुरी देऊन उभा करून गेला! नकार द्यावा, तर तो निघूनही गेला होता. दुसऱ्या कोणाला सांगावे, तर कारागीर कामात होते. सुरी रुमालात गुंडाळून मी ती नीट सांभाळली. जीवराम परत येईल, पाटी पाहील आणि स्वतःच टोचील, असे मी गृहीत धरले. जीवराम परत आला, सुरी माझ्या हातात पाहिली आणि काम झाले असे त्याने गृहीत धरले. त्यातच अभिमन फोनवर बोलत बाहेर गेला. “एवढी भट्टी तापेल हाये, वाया कायले घालवाची?” असे म्हणत जीवरामने दार उघडले आणि वांग्यांचे ताट तळाशी सारून दार लावून टाकले. वर बॉनेट टांगलेले होते, भुकटी नुकती वितळली होती, आणि ती अगदी मऊ होती.

पहिल्या वांग्याच्या आवाजाने शेजारच्या कारखान्यातील माणसे बाहेर आली. पुढच्या आवाजांना ती आमच्या दारापर्यंत पोहोचली होती. अभिमन फोन तसाच टाकून धावला आणि त्याने भट्टी उघडली. आतून आलेला वास वर्णन करण्याइतकी माझी त्या विषयात गती नाही. जीवराम मात्र त्याही परिस्थितीत “वास एक नंबर हाये” असे पुटपुटला. रंगाच्या वाफेत शिजलेले ते सर्व अभिमनने फेकून दिले, आणि कारागिरांनी शेवभाजी मागविली. बॉनेट थंड झाल्यावर त्यावरचा गर ओल्या फडक्याने पुसून निघाला. बिया निघाल्या नाहीत. त्या सायीच्या रंगात कायमच्या बसल्या आहेत: पुढच्या टोकाला दाट, काचेकडे विरळ, हात फिरविला तर जेमतेम लागतात. डाग एकही नाही. जांभळा तर नाहीच नाही.

संध्याकाळी रिद्धी आली. अभिमन तिला म्हणाला की, रंग उतरवून पुन्हा चढवून देतो, आठवडाभर लागेल. मी माझे निवेदन मनात जुळवून तयार ठेवले होते. त्याची गरज पडली नाही. तिने बॉनेटवरून बोट फिरविले, मग माझ्या हातातल्या रुमालाकडे पाहिले, आणि ती जी हसत सुटली ती खाली जमिनीवरच बसली. डोळे पुसत ती म्हणाली, “असंच राहू दे. भुवादादीला मी स्वतः सांगेन, अशी हसेल ती!” तुझ्याविषयीचे हे वाक्य लक्षात ठेव, कारण पुढे हितेंद्र आला आणि तिच्या आधी त्याने सांगितले.

पत्रे जोडण्याविषयीही हितेंद्रने काहीबाही सांगितले आहे, त्याचा निकाल लावतो. रिद्धी कामानिमित्त नाशिकला गेली असताना, ती येण्यापूर्वी सगळे पत्रे बसवून तिला चकित करावे, असे मी आणि जीवरामने ठरविले. पत्रे उलटून पाहतो तो काय, औषधी पाण्याने माझे सर्व लेखन पुसून टाकलेले. तरी मडगार्ड आम्ही अंदाजाने बसविले (रंगाच्या थरामुळे भोके आवळली होती, ती जीवरामने गोल कानशीने मोठी केली). डाव्या दाराच्या जागी एक चौकोनी पत्रा उरला. तो पाचर मारल्याशिवाय बसेना, आणि त्याला आडव्या फटी होत्या. जीवरामच्या मते त्या हवा येण्यासाठी ठेवल्या असाव्यात. मला त्यात नातीची दूरदृष्टी दिसली, आणि तसे मी बोललोही. रिद्धी परत आली, गाडीभोवती एक फेरी मारून डाव्या बाजूला थांबली, आणि अत्यंत आदराने तिने विचारले, “दादाजी, पाण्याची टाकी कुठे बसवलीत?” आम्ही कूलरची एक बाजू बसविली होती. खरे दार अभिमनकडून जामनेरच्या लोटन नावाच्या कूलरवाल्याकडे गेले होते, आणि ते कूलरला त्याच्या स्वतःच्या पत्र्यांहून चांगले बसले, असा त्याचा अभिप्राय होता. दुसऱ्या दिवशी अदलाबदल झाली. पुढचे दिवे लागत नव्हते, तेही रिद्धीने दुरुस्त केले. विजेच्या तारा जेथे पत्र्याला जोडायच्या, तेथेही लेप बसला होता, तो तिने खरवडून काढला.

तर गाडी तयार आहे. संक्रांतीच्या आधीपासून तयार आहे. तिला दोनच आसने आहेत, आणि दुसऱ्या आसनावर पहिल्यांदा भुवादादी बसेल, मग बाकीचे, असे रिद्धीने सगळ्यांना सांगून ठेवले आहे. ती एकटी आवारात फेऱ्या मारून यंत्र तपासते. शेजारचे आसन रिकामे. ही सर्व सिद्धता असताना परवा तुझा फोन आला. तो तू मननच्या फोनवर केलास, आणि त्याने तो सवयीप्रमाणे सर्वांना ऐकू येईल असा ठेवला होता. “जिच्यावर वांगी शिजली त्या गाडीत मी पाय ठेवणार नाही, चहा नाही मिळाला तरी चालेल,” हे तुझे वाक्य रिद्धीने ऐकले. ती जेवण झाल्यावर गोदामात गेली, गाडीवर जुनी चादर टाकून आली, आणि तेव्हापासून तिकडे फिरकलेली नाही. काल मनन हळूच मला म्हणाला, आता विकून टाकलेली बरी. त्याचे तोंड पुन्हा उघडले आहे, यावरून प्रकरण कोठवर आले आहे ते तू जाण.

तुझ्या आक्षेपाचे उत्तर देण्यापूर्वी मी काल स्थानकात जाऊन महासतीजींना सर्व हकीकत क्रमवार निवेदन केली. वांगे अभक्ष्य, हे निर्विवाद. परंतु भट्टीत भाजल्याने त्या बिया अचित्त झाल्या, त्यांत जीव उरलेला नाही, आणि वर लेपाचा थर असल्याने स्पर्शही होत नाही, तेव्हा अशा बॉनेटच्या मागे बसण्यास प्रत्यवाय आहे किंवा कसे, असा माझा प्रश्न होता. महासतीजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “ते बॉनेट आपण खाणार आहात का?” मी नाही म्हणालो. त्यावर त्यांनी मांगलिक पाठ ऐकविला आणि प्रश्न मिटला. तुझा तेथेही मिटला नाही तर मग माझा इलाज नाही; परंतु तो मिटेल, असे मी समजून चालतो. नातीने आपला मिक्सर खोलला तरी जी हसली, ती बियांवरून रुसणारी नव्हे. तू रुसली आहेस ती हकीकत हितेंद्रकडून ऐकावी लागली म्हणून, रिद्धीकडून नाही म्हणून. त्यात तिचा दोष नाही. ती तुला समोर बसवून सांगणार होती.

चहाविषयी एक. तुझ्यासारखा मीही सोडावा, असे आखाजीला मनात आले होते. जमले नाही. मात्र त्या दिवसापासून इथला चहा चांगला झाला, असे मी एकदाही म्हटलेले नाही. सूनबाई नाराज आहेत, पण नाइलाज आहे.

जावईबापूंस जय जिनेंद्र, लहानांस आशीर्वाद. हितेंद्रला हे पत्र मोठ्याने वाचून दाखवावे.

तुझा भाऊ,
सुरेशचंद

ता. क. बॉनेट चार बोल्टांवर बसते आणि ते काढून ठेवले तरी गाडी चालते, असे जीवरामने आत्ताच येऊन सांगितले. म्हणजे तुझी तरीही अडचण असेल, तर बॉनेट आपण गोदामात ठेवू आणि तू बिनबियांच्या गाडीत बस. हे आधी सुचले असते तर हे पत्र एका कार्डावर मावले असते. आता लिहिलेच आहे, तर पाठवितो.

आणखी ता. क. हितेंद्रने सांगितलेल्या तारखांची दुरुस्ती:

तू नियम घेतलास तो दिवस पाडवा, म्हणजे ३० मार्च २०२५, नव्हे. आखाजी, ३० एप्रिल. तारीख बरोबर, महिना चूक.

बॉनेटवर बिया बसल्या तो दिवस ३१ डिसेंबर नव्हे. आम्ही वर्षअखेरीची मेजवानी करीत नव्हतो. शनिवार, २० डिसेंबर.

कूलरची बाजू गाडीवर आठ दिवस होती, हे असत्य. एक रात्र.

संक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारीस, मी कोणाला न सांगता गाडीत बसलो होतो, हे साफ खोटे आहे. तो करीचा दिवस, १५ जानेवारी. शिवाय मी चालकाच्या आसनावर बसलो. तुझ्या आसनावरचा प्लास्टिकचा कागद अद्याप निघालेला नाही.

तू गाडीत बसणार तो दिवस ‘बघू, होळीनंतर’ असा सांगण्यात आला आहे. ‘बघू’ ही तारीख नव्हे. तो दिवस रविवार, ८ फेब्रुवारी २०२६. यावर दुरुस्ती सुचविता येईल, मात्र ती त्याहून अलीकडच्या तारखेचीच असावी.